मागच्या सीटची ऊब

मी उलानबातरच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढते. आत काही असेल तर फिल्मवर दिसतं, नसेल तर नाही, असा माझा सरळ हिशोब. म्हणून माझ्या नवऱ्यानं, ओत्गोनबायरनं, जपानहून आलेली जुनी, लांबलचक, काळी हायब्रिड गाडी कुंपणाच्या आत आणून उभी केली, तेव्हा मी आधी बॉनेट उघडायला लावलं. गुळगुळीत कातडी सीटा, थंडीत गरम होणाऱ्या गाद्या, सगळा साहेबी थाट. आमची वस्ती टेकडीवरची, लोकरीच्या नमद्याच्या गोल घरांची. हिवाळ्यात कोळशाच्या धुरानं शेजाऱ्याचं दार दिसत नाही.

"मंत्र्याची आणलीस की चोराची?" मी विचारलं. ओत्गोनबायर नुसता हसला.

गाडी काही हौसेनं घेतली नव्हती. आमच्या लेकीची, सोलोंगोची, छाती नाजूक. सकाळी बसथांब्यावर त्या धुरात उभी राहिली की रात्रभर खोकायची. आणखी एक हिवाळा असा काढलात तर पोर हातची जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं. तेव्हा मी कुरकुर केली, पण गाडीला नाही म्हणाले नाही.

पहिल्याच आठवड्यात गाडी बोंबलायला लागली. मागच्या डाव्या सीटवर कुणी बसलंय, पट्टा लावा, असा लाल दिवा लागायचा आणि टिंगटिंग चालू. सीट रिकामी. मेकॅनिक लुव्हसान गाद्या चाचपून म्हणाला, "ताई, म्हाताऱ्या हायब्रिडचं असंच असतं. घेताना स्वस्त, सांभाळताना सासूबाई." त्यानं सीटखालचा सेन्सर बदलला. टिंगटिंग चालूच. शेवटी ओत्गोनबायरनं वैतागून रिकाम्या सीटला पट्टा लावला, तेव्हा कुठे आवाज बंद झाला. मग आम्ही रोज तसेच निघायला लागलो.

मग बॅटरीचा दिवा लागला. ती मोठी बॅटरी मागच्या सीटच्या पाठीशी असते आणि गाडीतलीच हवा ओढून एक पंखा तिला थंड ठेवतो. लुव्हसाननं तो पंखा उघडला तर पात्यांना केस गुंडाळलेले. पांढरे, लांब.

"आधीच्या मालकाकडे कुत्रा असणार," तो म्हणाला.

"कुत्र्याचे केस हातभर लांब नसतात," मी म्हणाले. दवाखान्यात म्हाताऱ्या बायांची डोकी मी रोज बघते.

नवी बॅटरी बसवायला माझ्या भावाचे घोडे विकावे लागले. पाठोपाठ ब्रेकचा पंप कण्हायला लागला, तोही बदलला. पैसा पाण्यासारखा चालला होता. आणि ऐन थंडीत पंखा पुन्हा अडकला. पुन्हा तेच केस. आमच्या घरात तिघांचेही केस काळेकुळकुळीत. त्या दिवशी लुव्हसाननं मजुरी घेतली नाही, विनोदही केला नाही. मला भीती वाटली ती तेव्हा पहिल्यांदा.

सोलोंगोचा खोकला मात्र गेला होता. आम्ही केवढे खूश झालो! ती मागे उजवीकडे बसायची, खिडकीशी अंग चोरून. एका सकाळी तिला उतरवताना माझा हात डाव्या सीटवर टेकला. गरम होती. सीट तापवायचं बटण बंद होतं, बाहेर थुंकी गोठेल असा गारठा होता, आणि ती गादी नुकतंच कुणी उठून जावं तशी गरम. सोलोंगोचा हात धरला तर बर्फ.

"थंडी वाजतेय का गं?"

"मला नाही," ती म्हणाली. "तिला वाजायची. आता नाही वाजत."

मी तिला तडक दवाखान्यात नेलं, स्वतः एक्स-रे काढला. फिल्म स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, अभिनंदन. तापमापीतला पारा मात्र वर चढतच नव्हता. तिघी नर्सांनी तीन तापमाप्या लावून पाहिल्या आणि यंत्रं बिघडलीत म्हणून ठेवून दिल्या. लेक माझ्या डोळ्यांसमोर गार पडत चालली होती आणि दाखवायला माझ्या हातात काही नव्हतं.

गाडी मिळेल त्या किमतीला विकून टाकली. पार पश्चिमेकडच्या होव्दचा एक व्यापारी घेऊन निघाला. सगळे बिघाड त्याला सांगितले, एक सोडून. गाडी कुंपणाबाहेर पडली आणि माझ्या हातातल्या पळीतलं दूध मी तिच्या मागे शिंपडलं. सुखरूप जा, सुखरूप परत या. जन्मभर आईला आणि आजीला हेच करताना पाहिलेलं. कुणी निघालं की हात आपोआप उठतो.

ओत्गोनबायरनं माझं मनगट धरलं. "अगं, कुणासाठी शिंपडलंस?"

दूध तोवर बर्फावर गोठलं होतं.

पुढचे काही दिवस सोलोंगोच्या गालांवर लाली आली. हात उबदार झाले. ती थोडी खोकलीसुद्धा, आणि तो खोकला ऐकून मला रडू फुटलं.

मग व्यापाऱ्याचा फोन आला. गाडी झकास आहे म्हणाला, दिवा नाही, टिंगटिंग नाही. एकच तक्रार.

"मागची डावी सीट काही केल्या गरम होत नाही हो."

मी फोन खाली ठेवला. सोलोंगो पलंगावर, पायांवर पांघरूण घेऊन शाळेचा धडा वाचत होती. पुस्तकातून डोकं न काढता ती उजवीकडे सरकली. डावीकडे एका माणसापुरती जागा झाली.

"आई, पाहुण्यांना चहा हवा का असं विचारत नाहीत ना? सरळ देतात."

"कोण पाहुणे?"

"तूच दूध शिंपडलंस ना," ती म्हणाली. "म्हणून आली परत."

ओत्गोनबायर चुलीत कोळसा घालत होता. तो घालतच राहिला, चूल भरली तरी.

मी चौथा वाडगा काढला. दुसरं काय करणार? खारा दुधाचा चहा ओतला आणि उजव्या हातानं पुढे धरून पलंगाच्या कडेशी ठेवला. वाफ लगेच थांबली.

मी सोलोंगोचा हात हातात घेतला आणि चोळत बसले.

तिनं दुसऱ्या हातानं अर्धं पांघरूण डावीकडे सारलं. तिकडचं टोक गादीवर पडलं नाही. गुडघ्यांवर टेकावं तसं वरच राहिलं.