फारुकींचे भाऊबंद

राजकुंवर धुळ्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. खानदेशावर दोनशे वर्षं राज्य केलेलं फारुकी घराणं हा तिचा हातखंडा विषय. थाळनेरच्या त्यांच्या कबरी तिने विद्यार्थ्यांना कितीदा नेऊन दाखवल्या होत्या. पण अलीकडे गादीवर बसलेल्यांत तिचं मन रमत नव्हतं. या घराण्याची एक रीत होती. एक जण राजा झाला की त्याचे भाऊ, पुतणे, त्यांची बायका-लेकरं, सगळ्यांना किल्ल्यात कोंडायचं. राजा मेला तरच दार उघडायचं. एकाला गादीसाठी बाहेर काढायचं आणि उरलेल्यांवर पुन्हा दार लावायचं.

हे शिकवताना तिचा आवाज चढायचा. शिरपूरच्या सासरी नवरा गेला तेव्हा ती विशीत होती. मारवाडी घरातल्या चालीप्रमाणे तिला मागच्या खोलीत कोपऱ्यात बसवलं. वर्ष उलटलं तरी ऊठ म्हणून कोणी म्हणेना. एके दिवशी ऐन बाजाराच्या गर्दीत ती स्वतःच उठली, घुंघट मागे सारला आणि दुकानात बसलेल्या सासऱ्यांच्या समोरून चालत बाहेर पडली. पुढचं शिक्षण, नोकरी, लोकांचं बोलणं, सगळं तिने अंगावर घेतलं.

सदुसष्ट सालच्या हिवाळ्यात त्या कोंडलेल्यांचा माग काढत ती तापीकाठच्या एका पडक्या गढीत गेली. गढीला लागून वना नावाच्या शेतकऱ्याचं कपाशीचं शेत होतं. वाटेतली बाभळीची काटेरी जाळी पहारीने बाजूला सारत तो पुढे चालला होता. दुपार कलली होती. नदीवर त्याची बायको धुरपदाबाई धुणं आपटत होती; तो आवाज वरपर्यंत येत होता.

बुरजाच्या पोटात एक दरवाजा होता, आडवे दगड रचून बुजवलेला. तिथे ऊन कधी पोचत नसावं. दगडांवर शेवाळ होतं. राजकुंवरने हात टेकवला. दगड गरम होता. ताप आलेल्या माणसाचं कपाळ असावं तसा.

आतून कोणीतरी विचारलं, "गेला का?"

कुठल्या भाषेत, ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. अर्थ मात्र लख्ख कळला. तिने वळून पाहिलं. वना खाली मान घालून उभा होता.

"नही," तो दाराकडे तोंड करून म्हणाला, "आजून जित्ता शे." मग तिला हळूच म्हणाला, "चला बाई. तठे हात नका लावू."

"कोण आहे आत?"

"माले काय माहीत? आमना बाप, आमना आजा, बठ्ठा आसंच सांगीसन जातस. नही म्हटलं का गप व्हस ते."

"आणि हो म्हटलं तर?"

"आठे कोणी हो म्हणत नही."

राजकुंवरचे पाय मागे सरकू पाहत होते. पण भीतीहून मोठा संताप आला. इतक्या पिढ्या ही माणसं एका शब्दासाठी थांबली होती आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण आपल्या सोयीचं खोटं बोलून निघून जात होता.

"गेला का?"

"गेला!" ती ओरडली. "सगळे गेले. राज्यच बुडालं. आता राजा म्हणून कोणी नाही. बाहेर या!"

नदीवरचं धुणं थांबलं. आत काहीच हललं नाही.

तिने वनाच्या हातातली पहार ओढून घेतली. "बाई, नका ना," तो म्हणत राहिला, पण तिला अडवायला पुढे आला नाही. वरचे दगड सुटले, मग मधले. तिचे तळहात सोलले. माणूस वाकून जाईल एवढी वाट झाली तेव्हा तिने आत डोकावलं. खोली रिकामी होती. मऊ धूळ, बस्स.

मग वारा आला. एकदम नाही, थांबत, थोडा थोडा. गर्दीत माणसं अंग चोरून जातात तसं काहीतरी तिच्या खांद्याला घासून गेलं. पुन्हा एकदा. पुन्हा. ती भिंतीला पाठ लावून वाट देत उभी राहिली. एक झुळूक तर गुडघ्याएवढ्या उंचीवरून गेली.

धुरपदाबाई धापा टाकत वर आली.

"इतला मानसं कोठून उनात?" तिने विचारलं. "पाणी पिवाले उतरनात. उन्हामुळे बठ्ठासना हात डोळावर. मंग पलीकडे निंघी गयात."

राजकुंवरने पहार खाली ठेवली. "सगळे गेले?"

"एक बाई मांगे फिरनी. दार उघडं राही गयं, म्हने. आते राजा काय म्हनी, आसं बी म्हने."

राजकुंवर दाराकडे वळली.

दगड पुन्हा रचलेले होते. वरच्या कोपऱ्यात तेवढी एक फट उरली होती.

वना पळत शेतात उतरला. धुरपदाबाईही त्याच्यामागे गेली.

राजकुंवरने पदर खोचला. फटीलगतच्या दगडाला सोललेले हात घातले आणि सगळा जोर लावून तो ओढला. दगड हलला, बोटभर पुढे आला.

मग थांबला. आतून कोणीतरी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.