उजवीकडची फेरी

"सोड गो मालन! वारा पडलाय!" रघू ओरडला.

मालनने हात उंचावून विमान सोडलं. पंखा भिरभिरला, विमान मांडवी बंदराच्या वाळूवर दोन पुरुष उंच चढलं आणि डावीकडे वळलं. पण वळताच त्याचा आतला पंख खाली गेला, नाक खाली झुकलं आणि ते धप्पकन वाळूत रुतलं!

"सातव्यांदा!" दहा वर्षांच्या मोरूने कपाळावर हात मारला.

मे महिन्याची सुट्टी होती, साल एकोणीसशे पस्तीस. विमानाचा सांगाडा मालनचा थोरला भाऊ केरू याने बनवला होता. बांबूच्या काड्या, पांगाऱ्याच्या लाकडाचा कोरलेला पंखा आणि तो फिरवायला सायकलच्या ट्यूबच्या पिळलेल्या पट्ट्या. केरू मुंबईला, जुहूच्या विमानतळावर झाडलोटीच्या कामाला होता. रोज विमानं पाहायचा, पण आत कधी बसला नव्हता. चैत्रात तो तापाने तिकडेच गेला. घरी आली ती त्याची पेटी, आणि पेटीत हा सांगाडा. त्यावर लाल पतंगी कागद या तिघांनी खळीने चिकटवला होता.

गावात भरणाऱ्या प्रदर्शनात मुलांसाठी अशा विमानांची स्पर्धा होती. बक्षीस होतं जुहूला जाऊन खऱ्या विमानात एक फेरी!

मालन वाळूत फतकल मारून बसली. "बाबा होडी वळवतात तेव्हा नुसतं सुकाणू फिरवतात काय रे? शिडाची दोरी सैल करतात, आपण सगळे एका अंगाला सरकतो. सगळं एकदम! आपण याचं फक्त शेपटीचं सुकाणू वाकवतोय."

"मग?"

"आतला पंख खाली बसतो ना? त्याला उचलून धरायचा. डाव्या पंखाची मागची कड कणभर खाली वाकवू. सुकाणू थोडंच. आणि शेपटीच्या आडव्या फळीची मागची कड किंचित वर, म्हणजे नाक पडणार नाही."

चार दिवस ते कणाकणाने कडा वाकवत होते. पाचव्या दिवशी विमान उडालं, डाव्या अंगाला कललं आणि न घसरता, न डुचमळता भली मोठी गोल फेरी मारून मोरूच्या पायाशी उतरलं. मोरू नाचायलाच लागला!

बुधवारी त्यांनी विमान प्रदर्शनाच्या मांडवात नेऊन दिलं. शनिवारी स्पर्धेला गेले, तर यादीत मालनचं नावच नाही!

"ते लाल विमान होय?" प्रदर्शनाचे चिटणीस आप्पासाहेब पानाचा तोबरा सांभाळत म्हणाले. "ते मोडलं. गड्याने मांडवामागे टाकलं. रडू नकोस, मुलीच्या जातीला काय करायचंय विमान?"

मालन रडत नव्हती. तिघं धावत मांडवामागे गेली. कचऱ्यात ना बांबूची काडी, ना लाल कागदाचा कपटा. मोरूने मात्र एक डबा उचलला. "रंग! निळा! अजून ओला आहे!"

"रंगवायचं काय होतं इथे?" रघूने विचारलं. तेवढ्यात मैदानावर टाळ्या कडाडल्या.

आप्पासाहेबांचा पुतण्या सुधाकर, चौदा वर्षांचा, निळं विमान घेऊन उभा होता. त्याने ते सोडलं. विमान चढलं, डाव्या अंगाला कललं आणि न घसरता गोल वळलं.

"आपलं वळण!" मालन पुटपुटली.

"चल, सांगूया!" रघू म्हणाला.

"पुरावा मागतील. आणि ते चिटणीस, आपण कोण?" मालन म्हणाली. मग सरळ परीक्षकांपुढे जाऊन उभी राहिली. मुंबईहून आलेले दिवेकर इंजिनिअर होते ते. "साहेब, ज्याने हे बनवलं, त्याला ते उजवीकडेही वळवता येईल ना?"

"येईलच की! सुधाकर, दाखव बघू."

रघूने तिचा दंड धरला. "मालन, त्याला ठाऊक नाही गो! विमान मोडेल!"

"ठाऊक आहे मला."

सुधाकरने काकांकडे पाहिलं. काकांनी डोळे वटारले. त्याने घाईघाईने सुकाणू तेवढं उजवीकडे वाकवलं, पंखाला हातही लावला नाही, आणि विमान सोडलं. ते वर गेलं, उजवीकडे उलथलं, गरगरत खाली आलं आणि कातळावर आपटलं. पांगाऱ्याचा पंखा मधोमध चिरला.

मालनने डोळे मिटले नाहीत.

"काय चुकलं?" दिवेकरांनी विचारलं. सुधाकरने पुन्हा काकांकडे पाहिलं.

"मी सांगते," मालन म्हणाली. "डावा पंख उचलून धरायला त्याची कड खाली वाकवली होती. उजवीकडे वळायचं तर ती सरळ करून उजव्या पंखाची वाकवायला हवी होती. यानं सुकाणू वळवलं आणि पंख तसेच ठेवले. दोघांनी मिळून ते उलथवलं." तिने पडलेलं विमान उचलून नखाने निळा रंग खरवडला. खाली लाल कागद होता.

सुधाकरला रडू फुटलं. "मला नको होतं! काका म्हणाले, कोणाला कळणार नाही!"

आप्पासाहेब गर्दीत मागे सरकले.

"शाब्बास!" दिवेकरांनी मालनच्या पाठीवर थाप मारली. "मोठ्यांना जमलं नसतं असं कोडं सोडवलंस!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मग बक्षीस?" मोरूने विचारलं.

दिवेकरांनी कमिटीकडे पाहिलं. कमिटीने कुजबुज केली. नियम असा, की उडणाऱ्या विमानालाच बक्षीस. आणि हे तर मोडलं. बक्षीस यंदा कोणालाच नाही.

"वाईट वाटतं, बाळ," दिवेकर म्हणाले. तोवर पेढे वाटायला सुरुवात झाली होती. तबक आप्पासाहेबांच्याच हातात होतं!

संध्याकाळी मालनचे वडील, रामा, बंदरावर जाळी आवरत होते. बातमी आधीच त्यांच्या कानावर आली होती. ज्याला त्याला सांगत होते, "माझ्या पोरीनं चिटणिसाला उघडा पाडला!" मालन येताच त्यांनी हात पुढे केला. तिने तुकडे त्यांच्या हातात ठेवले.

केरूने कोरलेल्या, आता चिरलेल्या पंख्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. "मोडणार, हे ठाऊक होतं तुला?"

"होय."

"तरी म्हणालीस, उजवीकडे वळव?"

"होय."

त्यांनी तुकडे जाळ्यावर अलगद ठेवले. मग म्हणाले, "बरं केलंस, गो."

"नाय बाबा," मालन म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदाच रडली. "खरं केलं. बरं नाय केलं."