गल्लीतलं शेवटचं घर

मोबाईल खाली ठेवा आधी. आणि आत्ताच सांगतो, घाबरलात तर घरापर्यंत सोडायला मी येणार नाही.

माझा साडू रेल्वेच्या बोगद्यावर कामाला होता. पाण्याकाठची दाट वस्ती, भिंतीला भिंत लागलेली, आणि खालून बोगदा खणणारं मशीन चाललेलं. याचं काम मात्र वरचं. मशीन ज्या रात्री एखाद्या गल्लीखालून जाणार, त्या रात्री तिथली माणसं हॉटेलात हलवायची. मग यानं घरोघरी शिरायचं, प्रत्येक खोलीत "कोणी आहे का?" म्हणून हाक मारायची, बाहेरून कुलूप घालायचं आणि खाली फोन करून सांगायचं, रिकामं. त्याच्या शब्दाशिवाय मशीन पुढे सरकत नसे.

त्या शनिवारी रात्री दोनच्या सुमारास शेवटचं घर उरलं. ते त्याच्या आईचं. म्हातारी महिन्यापूर्वी तिथेच गेली, झोपेत. एकटीच राहायची. "मी नाही कुठल्या हॉटेलात यायची," म्हणून शेवटपर्यंत याच्याशी भांडली. आणि हा पठ्ठ्या तिसऱ्या दिवशी कामावर हजर. डोळ्यांतून टिपूस नाही. खरं सांगतो, मला रागच आला होता त्याचा.

कुलूप उघडून तो आत गेला. बाहेरच्या खोलीत हाक मारली. नियमच तो. स्वयंपाकघरात मारली. मग आतल्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"कोणी आहे का?"

"आहे ना रे."

आईचा आवाज. वैतागलेला.

त्यानं बॅटरी फिरवली. खाट. गुंडाळलेली गादी. कोपरा... भिंत... कोणी नाही.

"आई?"

फोन वाजला. खालचा इंजिनियर. "काका, काय झालं? आमच्यावर पाण्याचा दाब आहे. मशीन फार वेळ थांबवून चालत नाही. रिकामं आहे ना?"

खाली पाळीची सगळी माणसं. आणि इथे...

"काका?"

"रिकामं आहे."

नंतर मला म्हणाला, "आई नाही, हे तेव्हा पहिल्यांदा तोंडानं बोललो. काही वाटलं नाही रे."

कुलूप घातलं. किल्ली खिशात. पहाटेपर्यंत तो पायरीवरच बसला. खालची जमीन थरथरत होती. कोणी आलं नाही. कोणी गेलं नाही.

सकाळी घराला तडे गेलेत का ते बघायला मिस्त्री आला. साडूनं कुलूप काढलं, दार ढकललं. उघडेना. मिस्त्रीनं खांदा लावला, मग फटीतून बॅटरी मारली...

आतून कडी.

मागे दुसरं दार नाही. खिडक्यांना गज. मिस्त्री पहार घेऊन पुढे झाला, तर साडूनं त्याचा हात धरला.

"थांब जरा," म्हणाला. "रात्री झोपमोड झालीय तिची."