वीराचा मागून काढलेला फोटो

सकाळी साळुबाई तेलाची वाटी घेऊन वेशीवर आल्या आणि रोजच्यासारखं तेल ओतलं. तेल खड्ड्यात पडलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की वीर जागेवर नाही.

वीर म्हणजे लढाईत पडलेल्या कुणा पूर्वजाचा कंबरभर उंचीचा कोरीव दगड. शेंदूर लागून लागून त्याचा देव झाला होता.

हवालदार रामनाथ वेळूवाडीत पोचले, तेव्हा गावानं तपास उरकलेला होता. गुन्हेगार शाळेच्या खोलीत होता आणि बाहेरून कडी होती. गुन्हेगाराचं नाव प्राची. पुण्याची फोटोग्राफर. गावातल्या जुन्या ठिकाणांचं पुस्तक करायचं म्हणून ग्रामपंचायतीनंच तिला बोलावलं होतं.

"काल फोटो, आज देव गायब," गोकुळ म्हणाला. सरपंच लंकाबाई. गोकुळ त्यांचे यजमान, त्यामुळं बोलायचं काम त्याच्याकडं. "मूर्ती घेनाऱ्या पार्टीला फोटो धाडला आसंल हिनं. आजच्या आज गुन्हा नोंदवा, सायेब."

लंकाबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली.

रामनाथांनी खड्डा पाहिला. जेमतेम वीतभर खोल. कडेला एकाच माणसाच्या चपलांचे ठसे. वाटेत गोकुळची कांदा साठवायची बराखी लागली. कांदा विकून झालेला, बराखी रिकामी, दाराला नवं कुलूप.

"मॅडम, दगड कुणी नेला?" शाळेच्या खोलीची कडी काढून त्यांनी प्राचीला विचारलं.

"मला माहीत नाही. पण मूर्तीचोरीत नाव आलं, की मला कुठल्याच देवळात कॅमेरा नेऊ देणार नाहीत. माझं काम संपलं."

"वीराचे फोटो किती काढले?"

"एकच. तोही मागून. गोकुळभाऊ म्हणाले, बाईमाणसानं जवळ जायचं नसतं. ते चहाला गेले, तेव्हा मागच्या बाजूनं काढला. परत आल्यावर त्यांना दाखवलाही."

रामनाथांनी फोटो मोठा करून पाहिला. दगडाच्या पाठीवर बारीक चौकटी उमटल्या होत्या. पोत्याच्या विणीसारख्या.

"साळुबाई, बाईमाणूस जवळ जात नाही का?"

"मंग मी कोन हाय?" साळुबाई म्हणाल्या. "माझ्या सासूपासनं तेल आमीच घालतो."

"देव कधी हलवला होता?"

"हलवला न्हाई, पर झाकला व्हता. मागच्या साली गोकुळनं जेशीबी लावून वेस सजवली ना. तवा लई दिस बारदानात व्हता. मी बारदानावरच तेल घालायचे."

रामनाथ बराखीपाशी जाऊन थांबले. गावही थांबलं.

"गोकुळभाऊ, किल्ली."

"आत काय न्हाई, सायेब."

"मग कुलूप कशाला?"

गोकुळनं किल्ली काढली. आत चटईखाली वीर आडवा झोपला होता. रामनाथांनी त्याच्यावर बोटानं टकटक केलं. आतून पोकळ आवाज आला.

"हा सिमेंटचा आहे," रामनाथ म्हणाले. आवाजात ना चढ, ना उतार. "वीर काल गेला नाही, मागच्या वर्षी गेला. कंबरभर दगड वीतभर खड्ड्यात उभा राहत नाही, हातभर तरी जमिनीत पुरावा लागतो. आणि खरा दगड हलवायला चार माणसं लागतात. ठसे एकाचेच आहेत. जेसीबीचा दात लावून तुम्ही खरा दगड फोडला असणार. मग सिमेंटचा ओतला आणि ओल्या बारदानात सुकवला. पुढून शेंदूर लागला, पाठीवर पोत्याची वीण राहिली. पुस्तकात फोटो मोठा छापला असता तर ती दिसली असती. म्हणून काल उचलला. मॅडम आयत्याच गावात होत्या."

"फोडला न्हाई, फुटला," गोकुळ म्हणाला. "भंगलेला देव पुजायचा नसतो. नारळ, फुलं वाहून नदीत सोडला. समदं रीतसर केलं."

गावानं वर्षभर सिमेंटला नवस केले होते. काही पावलेही होते. त्यामुळं नेमकं कुणावर चिडायचं, ते कुणाला ठरवता येईना.

"पोरीला कोंडलं, तेव्हा का बोलला नाहीत?"

"ती बाहेरची, सायेब. तिला कुठं रोज या गावात तोंड दाखवायचं व्हतं?"

लंकाबाई पहिल्यांदाच बोलल्या. "ताई, तेवढा मागचा फोटो पुसा. वीर आमी परत बसवतो. तुमचं नाव तर निघालंच की आता यातनं."

"ते त्या फोटोमुळंच निघालं," प्राची म्हणाली. "फोटो राहील."

माफी कुणी मागितली नाही. चहाचं विचारलं.

जबाब द्यायला दोघांनाही ठाण्यात जायचं होतं. रामनाथांनी जीप काढली. गोकुळ सवयीनं पुढच्या सीटवर बसला. सरपंचांच्या यजमानांना मागं बस म्हणायची पद्धत नव्हती, म्हणून कुणी म्हटलं नाही. प्राची मागं बसली.