साकवाच्या मधोमध

संजीवनी आली होती ती कमळआत्याला पोचवायला, स्वतःसाठी नव्हे. किन्हवलीच्या समाजमंदिरात शिबिर होतं. डोळ्यांवर भल्यामोठ्या चष्म्यासारखं यंत्र चढवायचं, त्यात दिसेल त्या वाटेनं हॉलमध्ये चालायचं आणि चालताना वीसपासून उलटे आकडे म्हणायचे. पायांना आणि डोक्याला एकदमच व्यायाम. शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांची एकच रांग.

आत्याला त्यात ओढा दिसला मात्र, तिनं चपला काढून हातात घेतल्या आणि लुगडं वर खोचलं. हॉल खो-खो हसला. शिबिर घेणारा मुरबाडचा पंकजही हसला आणि हसता हसता त्याची नजर संजीवनीवर गेली, ती तिथंच राहिली.

“तुमी नाय करत?”

“मला... भीती वाटते.”

खरंच वाटत होती. दोन वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या फळ्यांच्या साकवावरून ती ओढ्यात पडली होती. मोडलेला पाय जुळला, भीती काही गेली नाही. आणि सोमवारी पलीकडच्या पाड्यावर अंगणवाडीत रुजू व्हायचं होतं. साकवाखेरीज वाट नव्हती. हातातोंडाशी आलेली नोकरी जाणार, या विचारानं तिला घास गोड लागत नव्हता.

“मी हात धरनार नाय,” पंकज म्हणाला, “धरला का पाय तोल सांभाळायचं सोडतात. पन जवळ उभा राहीन.”

तिनं यंत्र चढवलं. समोर तोच साकव, खाली तेच गढूळ पाणी. वीस... एकोणीस... कानाशी त्याचा श्वास ऐकू येत होता, तेवढाच आधार. अकरावर चित्र संपलं.

“पुढचं?”

“पुढचं शूटिंग... राहिलं,” तो खाली बघत म्हणाला.

रविवारी तो साकवावर हजर. संजीवनी आज साकव ओलांडून बघणार, असा आत्यानं निरोप धाडला होता.

“हात नाय तर नाय, चपला तरी धरा,” संजीवनीनं चपला काढून त्याच्याकडे दिल्या.

फळी करकरली. तो मागून येत होता. अकराला पाय थिजले... मग दहा, मग नऊ. काठाला पाय लागला तेव्हा तिनं वळून पाहिलं. पंकज साकवाच्या मधोमध उभा होता, पांढराफटक, तिच्या चपला छातीशी धरून.

“काय झालं?”

“शूटिंगला पन इथूनच मागं फिरलो. पान्याची भीती वाटते मला.”

“मग आलात कशाला?”

“तुमी पडाल, याची भीती जास्त होती.”

संजीवनीला भरून आलं. असल्या घाबरट माणसावर आपला जीव जडलाय, हे तिला त्याच क्षणी कळलं. ती परत फिरली. त्याच्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबली.

“मी हात धरनार नाय,” ती म्हणाली. “पन जवळ उभी हाय. म्हण रे... दहा.”

तिनं पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं.

“दहा,” तो पुटपुटला. “नऊ...”

तीनवर आले तेव्हा फळी हलली. कोणाचा हात आधी पुढे झाला, ते दोघांनाही सांगता येणार नाही. चपला तेवढ्या ओढ्यात गेल्या.

“तुझ्या चपला...”

“जाऊ दे. हात सोडू नको.”

सोमवारी संजीवनी अंगणवाडीत वेळेवर रुजू झाली, आत्याच्या चपला घालून.