उजेडाच्या आड धरलेला हात

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसावं. हे माझ्याच घरात घडलंय... आणि अजून संपलेलं नाही.

रात्र नव्हती. रविवारची भर दुपार होती.

मी जुने कॅमेरे दुरुस्त करतो. बंद पडलेल्या एका स्टुडिओतून मी मोठा एन्लार्जर आणला. निगेटिव्हमधून कागदावर उजेड पाडून मोठा फोटो करायचं यंत्र. माणसाएवढं उंच.

"आपल्यालाच जागा पुरेना, त्यात हे धूड कुठे ठेवणार?" बायको म्हणाली.

मागच्या खोलीत ठेवलं. खिडकी काळ्या कागदाने बंद केली. भिंग पुसलं, गंज काढला, दिवा बदलला. पहिला फोटो बायकोचाच काढायचा ठरवला.

तिची जुनी निगेटिव्ह लावली, कागदावर उजेड पाडला आणि कागद औषधात टाकला. आधी केस उमटले, मग खांदे...

चेहरा आलाच नाही.

तिथे पांढरा डाग होता. डागाला पाच बोटं होती.

फोटोत एखादा भाग काळा पडू नये म्हणून आम्ही उजेडाच्या आड क्षणभर हात धरतो. तेवढा भाग पांढरा राहतो. पण माझे दोन्ही हात खिशात होते.

पुन्हा काढला. पुन्हा तेच. माझी स्वतःची निगेटिव्ह लावली, तर फोटो स्वच्छ आला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली.

"अरे, इकडे ये ना... मला सगळं पांढरं दिसतंय."

डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. तिला मात्र काहीच दिसेना. मी एन्लार्जरचा स्क्रू न् स्क्रू सुटा केला. रिकाम्या खोलीत हात जोडले, माझे डोळे घे म्हणालो. काही उपयोग झाला नाही.

एकदा ती चाचपडत त्या खोलीत आली. मागे दार लागलं. मिट्ट काळोख.

"अरे... इथे दिसतंय मला. दाढी किती वाढवलीस."

मला माझा हातसुद्धा दिसत नव्हता.

आता ती रोज दुपारी तिथे जाऊन बसते. नको कसं म्हणू? तेवढाच वेळ तिला दिसतं.

काल मी बंद दाराबाहेर उभा होतो. आत ती हसली. मग हळूच म्हणाली,

"अहो... हात काढा ना."

लग्न झाल्यापासून ती मला अरे-तुरेच करते.