लांबचं स्थळ

रूपा त्या नावेत चढली ती निव्वळ चुकून. मैत्रिणीबरोबर पैठणला धरण बघायला आली होती. मैत्रीण चहाच्या टपरीवर रेंगाळली आणि ही बाई काठाला नाव दिसली तशी जाऊन बसली. नाव होती पक्षी बघणाऱ्यांची.

"ताई, ही फिरायची नाव नाय," गळ्यात दुर्बीण अडकवलेला एक जण म्हणाला.

"मग कशाची?"

"सुरय बघायची. आता बसा, गयासचाचांनी नाव सोडली. पण बोलायचं नाय बरं का, ताई."

"दोनदा ताई म्हणालात. आता पुन्हा म्हणालात तर मोठ्यानं ओरडेन... मग बघत बसा सुरय."

त्याला हसू काही लपवता आलं नाही. सम्यक त्याचं नाव. बजाजनगरात आईबरोबर राहायचा, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा.

उन्हाळ्यात पाणी ओसरलं की धरणाच्या नाथसागर जलाशयात उघडी बेटं वर येतात आणि नदी सुरय तिथं नुसत्या रेतीवर अंडी घालतात. ना काडी, ना घरटं.

"या उन्हात उकडतील की अंडी," रूपा कुजबुजली.

तेवढ्यात एक सुरय पाण्यावर उतरला, पोट भिजवून आला आणि तसाच ओल्या पोटानं अंड्यांवर बसला. रूपा बघतच राहिली. आणि सम्यक, दुर्बीण खाली ठेवून, रूपाकडं.

झालं. पुंडलिकनगरची रूपा रविवार आला की पैठणला पळू लागली. घरी सांगायची, पक्षी बघायला जाते. अगदीच खोटं नव्हतं ते. 'अहो'चं 'अरे' झालं, एका डब्यात जेवणं झाली, पण गाडी काही पुढं सरकेना. तो भित्रा आणि ही मानी, मग बोलणार कोण?

वर्ष असंच गेलं, आणि एका दुपारी रूपाच्या फोनवर सम्यकचा मेसेज आला. "एक स्थळ चालून आलंय. लांबचं आहे. आई नको म्हणते. तू काय म्हणतेस?"

बराच वेळ रूपा नुसती लिहीत राहिली, खोडत राहिली. शेवटी मानीपणा आडवा आला. "चांगलं असेल तर हो म्हण. असली स्थळं पुन्हा येत नाहीत."

त्याचं उत्तर आलं, "बरं." एवढंच.

मग काय विचारता. तिला घास जाईना, डोळा लागेना. कोण असेल ती? कुठली? दिसायला कशी? फोन वाजला की छातीत धडधड, नाही वाजला तर जास्तच. शेवटी रविवारी ती पैठणला गेली. निदान तोंडावर अभिनंदन तरी करावं, असं स्वतःला बजावत.

त्या दिवशी वारं सुटलं होतं. नाव हेलकावत होती आणि रूपानं काठ घट्ट धरला होता.

"मग... कधी आहे?" तिनं विचारलं.

"पुढच्या आठवड्यात निघायचंय."

"इतक्या लवकर? आणि मुलगी कुठली?"

"कुठली मुलगी?"

"तुझं ते स्थळ—"

सम्यकनं कपाळावर हात मारला. "अगं, नारकोंडम. अंदमानातलं बेट. तिथला धनेश पक्षी जगात दुसरीकडं कुठं नाय. त्याच्या झाडांतल्या ढोल्यांवर लक्ष ठेवायचं काम आलंय, वर्षभराचं. आपण सहलीच्या मेसेजात लिहितो ना, वेळ अमुक, स्थळ तमुक... म्हणून गमतीत लिहिलं. वाटलं, हसशील."

रूपाचा जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ ते भांडंच पाण्यात पडलं. म्हणजे याला समुद्रापार धाडलं कुणी? तिनंच.

"तू लगेच हो म्हण म्हणालीस," तो हळूच म्हणाला. "म्हटलं, हिला काय फरक पडत नाय."

"फरक? अन्न गोड लागलं नाही मला, सम्यक."

"कशापायी?"

"तू माझा आहेस, असं धरून चालले होते मी. म्हणून."

वल्हं मारणाऱ्या गयासचाचांनी मुद्दाम दुसरीकडं मान वळवली. "हवा बढ री, बेटा. जो बोलना है, जल्दी बोल लो."

"मी पण," सम्यक म्हणाला. "मी पण तेच धरून चाललो होतो. अजून वेळ आहे, रूपा. काम देणाऱ्यांना नाय म्हणून कळवू?"

एका शब्दाचं काम होतं. कळव, म्हणावं की तो राहिलाच. तो शब्द अगदी ओठांवर आला होता.

"धनेश बघितलायस कधी?" तिनं विचारलं.

"तिथला? फोटोत फक्त," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा असा काही उजळला की तिला तो शब्द गिळावा लागला.

"जा," ती म्हणाली. "आता रागानं नाही म्हणत. मी थांबते. पण आधी तुझ्या आईला भेटायचं."

सम्यकचा चेहरा पडला. "आई लई भडकलीय. रूपानं हो म्हणायला सांगितलं, असं बोलून बसलो मी."

संध्याकाळी बजाजनगरातल्या सम्यकच्या दोन खोल्यांच्या दारात रूपा उभी राहिली. त्याची आई, भामाबाई, मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"तूच व्हय ती? माझ्या एकुलत्या लेकराला समुद्रात धाडणारी?"

चुकून झालं, गैरसमज झाला, असं सांगता आलं असतं. सगळी वाट तिनं तेच घोकलं होतं.

"व्हय, मीच," ती म्हणाली. "आणि मला लई भीती वाटते. वादळ होईल, फोन लागणार नाही, आजारी पडला तर कोण बघेल... सगळं मनात येतं. तरी त्याला जाऊ द्या, आई."

भामाबाईंनी मेथीची निम्मी जुडी तिच्यापुढं सरकवली.

"बस. त्यो येईस्तोवर दर रविवारी जेवायला इकडंच यायचं. दोघी मिळून काळजी करू. एकटीला लई जड जातं, बाय."